डोकं दक्षिणेकडे

"मशीन मले काय शिकवन? मीच तिले दोन गोष्टी सांगीन," असं हरिदास वाळके घुग्घुसच्या खाणीच्या दवाखान्यात, आपल्याच निरोपसमारंभात म्हणाला, आणि टाळ्या इतक्या पडल्या की त्याला ते खरंच वाटलं. बारा वर्षं त्यानं तिथं एक्स-रे काढले होते. धुळीनं भरलेल्या छात्या, डंपरखाली आलेले पाय, एका फोरमननं पैजेपायी गिळलेला आठ आण्याचा शिक्का. या जिल्ह्यातल्या माणसाच्या आतलं मी जेवढं पाहिलं तेवढं त्याच्या बायकोनंही पाहिलं नाई, असंही तो बोलून गेला, आणि मग त्यानं राजीनामा देऊन टाकला. बिनपगारी सुट्टी घेता आली असती. सत्यशीला, त्याची बायको, पंधरा दिवस तेच सांगत होती. पण सुट्टी टाकून शिकायला जाणं म्हणजे नापास व्हायची सोय करून जाणं, असं हरिदासचं मत. चंद्रपुरात ट्रस्टच्या दवाखान्यात सीटी स्कॅनचं मशीन आलं होतं. परदेशात कुणीतरी दहा वर्षं वापरून काढून टाकलेलं, इथं हार घालून उतरवलेलं. शिकायला दोघांना घेतलं होतं आणि सहा महिन्यांनी कायम एकालाच करणार होते. तो एक कोण, हे हरिदासला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी मशीन बसवायला आणि शिकवायला आलेले हैदराबादचे सुब्बाराव म्हणाले, "कोई तो लेटो बाबा, दिखाता हूं." हरिदास पुढं झाला, ऐटीत टेबलावर आडवा पडला, टेबल सरकलं, त्याचं डोकं त्या मोठ्या कड्यात गेलं, आणि कानाशी घर्र झालं. त्यासरशी तो उठून बसला. म्हणजे बसायला गेला; वर कडं होतं. कपाळावर चार टाके पडले. ते घर्र मशीनचं नव्हतंच, कोपऱ्यातला पंखा कुणीतरी लावला होता. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये पहिल्या पेशंटचं नाव हरिदास वाळके, वय चौतीस, डोक्याला मार, असं लिहिलं गेलं. मारलं कुणी, त्याला रजिस्टरात रकाना नव्हता.

आता फुटलंच आहे तर पाहून घेऊ, म्हणून सुब्बारावांनी त्याचं डोकं खरोखरच स्कॅन केलं. कपाळाला पट्टी, आणि हरिदास पडद्यासमोर उभा. पडद्यावर वरून खाली एकेक ओळ भरत गेली आणि मधोमध कापलेलं काहीतरी उमटलं. कोहळं कापल्यावर दिसतं तसं. बाहेरून पांढरी कवटी, आत करडा गीर, मधे फुलपाखरासारख्या काळ्या पोकळ्या. हरिदासनं बारा वर्षं हाडं पाहिली होती. हाड म्हणजे कसं स्पष्ट असतं, मोडलं किंवा नाही मोडलं. हे गुळगुळीत, चिखलासारखं, कुठूनही मोडता न येणारं पाहून तो एक पाऊल मागं सरकला. यात घुग्घुस कुठी हाये? बापाचा आवाज कुठी हाये? काल सत्यशीलेला आपण जे बोललो आणि मग सारी रात छताकडं पाहत पडलो, ते या कोणत्या घडीत दाबून ठेवलेलं असन? "क्या है सर इसमें?" त्यानं विचारलं. "कुछ नहीं है," सुब्बाराव म्हणाले. "एकदम कुछ नहीं." ते समाधानानं म्हणाले होते, डॉक्टर लोक म्हणतात तसं. पण ते ऐकून मागं उभी असलेली सुरय्या फस्सकन हसली, आणि ते हसू हरिदासच्या त्या करड्या गिरात कुठंतरी जाऊन बसलं ते बसलंच.

सुरय्या म्हणजे ती दुसरी. बल्लारपूरच्या शिंप्याची पोरगी, बीएस्सी, बाविशीतली. रोज सकाळच्या गाडीनं यायची आणि डब्यात रोज अंडी. हरिदासला ती "हरिदासभाऊ" म्हणायची, खुर्चीवरून उठून उभी राहायची, आणि त्याच्या आधी उत्तर द्यायची. पहिल्या महिन्यात तिनं मशीनचं इंग्रजी पुस्तक वाचून काढलं. हरिदासनं त्याला कव्हर घातलं. सुब्बाराव रोज सकाळी पाण्यानं भरलेला प्लास्टिकचा डबा टेबलावर ठेवून त्याचा फोटो काढायला लावायचे. पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे हजार, हाड म्हणजे हजार, आणि पाण्याचं शून्य आलं नाही तर मशीन बिघडलं समजायचं. ट्रस्टचे अध्यक्ष नानाजी, राईस मिलवाले, एकदा हे पाहायला येऊन बसले. मे महिना होता, बाहेर सत्तेचाळीस आणि आत एसी, त्यामुळे नानाजी आणि त्यांचे दोन व्याही मशीनजवळ बरेचदा बसलेले असायचे. "रोज पाण्याचा फोटो काढता काय बे?" नानाजी म्हणाले. "पाण्याले काय झालं?" हरिदास समजावून सांगायला लागला, आणि शून्याशी येऊन अडकला. शून्य आलं तर बरोबर, हे कसं सांगायचं? काहीच नाही आलं म्हणजे सगळं ठीक, असं बारा वर्षं पगार घेतलेला माणूस कोणत्या तोंडानं सांगेल? सुरय्या म्हणाली, "नानाजी, दुकान उघडल्यावर तराजू रिकामा पाहून घेतो ना, तसं." नानाजींना पटलं. ते व्याह्यांना म्हणाले, "हुशार हाये पोट्टी." हरिदासनं वहीत लिहिलं: तराजू. मग खोडलं.

घरी तो यातलं काही सांगायचा नाही. सांगायचा ते उलटं: सुब्बाराव मलेच विचारतात, त्या पोरीले काही येत नाई, बिचारी. सत्यशीला भाकरी थापता थापता ऐकायची. "मंग राजीनामा दिला ते बरं केलं म्हणाव," ती म्हणायची, आणि ते बरं तव्यावर टाकल्यासारखं चर्रकन वाजायचं. खाणीतलं क्वार्टर सोडून ते बाबूपेठेत एका खोलीत आले होते. जूनमध्ये तिनं गळ्यातलं विकलं आणि हरिदासला सांगितलं नाही. हरिदासला दिसलं आणि त्यानं विचारलं नाही. झोपताना तो मनात मशीनची बटणं घोकायचा. पेशंटचं नाव, वय, डोकं आधी की पाय आधी, मशीन फोटोत ज्या आडव्या चिरा पाडतं त्यांची जाडी, किती चिरा. माणसाच्या चिरा. फिल्म पाहताना पेशंट आपल्यासमोर तोंड करून आहे असं धरायचं, त्याचा उजवा आपल्या डाव्या हाताला. हे सगळं त्याला पाठ होतं. अडचण एवढीच, की ते पाठ आहे हे त्याला सारखं आठवत राहायचं, आणि पाठ असलेली गोष्ट आठवायला लागली की बोटं थबकतात.

जुलैत दवाखान्यात पेशंट येणं एकाएकी बंद झालं. कारण कळायला आठ दिवस लागले. मशीनची खोली बांधताना नानाजींच्या जोतिष्यानं सांगितलं होतं की दार पूर्वेला पाहिजे, पैसा पूर्वेकडून येतो. दार पूर्वेला केलं, मग खिडकी आडवी आली, मग मशीन सरकलं, आणि शेवटी आठ बोल्टांनी फरशीत असं गाडलं गेलं की आत जाणाऱ्या पेशंटचं डोकं उत्तरेला आणि पाय दक्षिणेला. मढं ठेवतात तसं. ज्या जोतिष्यानं पैसा पूर्वेकडून बोलावला त्याच्या हे ध्यानात आलं नव्हतं. बायांच्या ध्यानात लगेच आलं. मूल तालुक्यापासून राजुऱ्यापर्यंत बातमी पसरली, की त्या दवाखान्यात जितेपणीच दक्षिणेले पाय करून झोपवतात आणि मग आत घालतात. सुब्बारावांना मशीन फिरवायला सांगितलं तेव्हा ते खाली बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

हरिदासला मात्र मनातून आनंद झाला. हा त्याचा विषय होता. त्याचा बाप सोमाजी छप्पन साली, दीक्षा घेऊन आला त्याच संध्याकाळी, आपली खाट फिरवून उत्तरेकडं डोकं करून झोपला होता. गल्लीतले लोक पाहायला आले. सकाळी बाप उठला, सगळ्यांना दाखवून दोनदा खोकला, आणि कामावर गेला. त्यानंतर तीस वर्षं तो रोज असाच झोपला, रोज जिता उठला, आणि रोज उठल्यावर पोरांना म्हणायचा, "पाहा, उत्तरेनं काही केलं काय मले?" तीस वर्षं रोज एवढं एक काम त्यानं न चुकता केलं. मेला तो दवाखान्यात, आणि तिथल्या खाटेचं डोकं दक्षिणेला होतं. हरिदास ही गोष्ट हसून सांगायचा. पण ती सांगताना त्याच्या डोळ्यांसमोर यायची ती बापाची टाच, भेगा पडलेली, खाटेबाहेर आलेली. लहानपणी तो बापाच्या पायथ्याशी निजायचा. म्हणजे घरात सगळ्यांत दक्षिणेला तो. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, की त्या टाचेकडं पाहत त्याला दर रात्री भीती वाटायची, आणि भीती वाटते याची लाज वाटायची, आणि सकाळी बाप खोकला की दोन्ही जायचं.

ऑगस्टात एका ठेकेदाराची आई चक्कर येऊन पडली म्हणून आणली. ठेकेदार बाईला टेबलावर झोपवू देईना. "उत्तरेले डोकं? माझी माय मेली काय?" हरिदासला चेव आला. त्यानं पांढऱ्या कोटाची बटणं लावली आणि त्या खोलीत, एसीच्या गारव्यात, बापाच्या आवाजात दहा मिनिटं भाषण केलं. पृथ्वी गोल आहे, दिशा माणसानं केल्या, मशीनले उत्तर-दक्षिण समजत नाई. ठेकेदार शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "मशीनले नाई समजत, तुमच्या नानाजीले समजते. दवाखान्याची नवी इमारत मी बांधून राह्यलो." त्या दहा मिनिटांत सुरय्यानं सुब्बारावांना विचारून घेतलं होतं. म्हातारी पाच फुटांच्या आत असेल, तर तिला पायाकडून आत घालता येईल; पाय कड्यातून पलीकडं काढायचे, डोकं कड्यात आलं की थांबायचं. डोकं आपोआप दक्षिणेला. फक्त मशीनला सांगायचं, की पाय आधी आलेत. नाही सांगितलं तर मशीन समजतं डोकं आधी आलं, आणि डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं करून टाकतं. "एक बटन का खेल है," सुब्बाराव म्हणाले. म्हातारी आत गेली, बाहेर आली, डोक्यात काही नव्हतं, ठेकेदारानं सुरय्याच्या हातावर पन्नासची नोट ठेवली आणि तिनं ती परत केली. हरिदास कोटाची बटणं काढत होता. नानाजींनी त्याला व्हरांड्यात गाठलं. "लय शहाणा झाला काय बे? तुह्या बापाची खाट तू तुह्या घरी ठेव. इथी आलेला माणूस म्हणन त्या दिशेले झोपवायचा. समजलं?" "समजलं नानाजी," हरिदास म्हणाला. तो असं म्हणाला हे त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं. नानाजी गेल्यावर त्यानं इकडं तिकडं पाहिलं, आणि खोकला.

त्यानंतर तो बदलला. पेशंट दाराशी आला की हरिदास पुढं. "काळजी नका करू बाई, आपण डोकं बरोब्बर दक्षिणेले करू." दिशांवर त्याचं असं काही प्रभुत्व आलं की लोक त्याला मुहूर्तही विचारायला लागले. उंच माणसं पायाकडून जाऊ शकत नसत. त्यांच्यासाठी तो स्वतः हळद-कुंकवाची पुडी खिशात ठेवायचा आणि टेबलाच्या उशाशी बोट टेकवायचा. सुरय्यानं हे पाहून एकदा विचारलं, "हरिदासभाऊ, तुमी तर हे काही मानत नाई ना?" "नोकरीत मानाच लागते," तो म्हणाला, आणि लगेच त्याला वाटलं की आपण हे जरा जास्तच चटकन बोललो. रात्री बाबूपेठेतल्या खोलीत तो उत्तरेकडं डोकं करून आडवा झाला. बरोबर बापासारखा. मग झोप येईना. मग उठून, सत्यशीला जागी नाही असं पाहून, त्यानं उशी दुसरीकडं टाकली. "फिरले का?" अंधारातून सत्यशीला म्हणाली.

परीक्षा नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी ठरली. गुरुवारी नागपूरचे मेंदूचे सर्जन यायचे, म्हणजे त्यांनाही मशीनचं काम दाखवता येईल असं नानाजींचं गणित. ठरलं असं, की सकाळी येईल तो पहिला पेशंट हरिदासचा आणि दुसरा सुरय्याचा. हरिदासचा पेशंट नऊ वाजता जीपमधून उतरला. बायनाबाई, चामोर्शीकडल्या एका खेड्यातली, पन्नाशीची, साडेचार फुटांची. आदल्या दिवशी ट्रकमधून बांबूचा भारा सुटून तिच्या अंगावर आला होता. डोकं दोन्हीकडून खरचटलेलं, केसांत माती आणि रक्त चिकटून बसलेलं. सोबत तिचा मुलगा लहानू, पंचविशीचा, अंगावर बनियन, आणि थंडगार खोलीत आल्यावर हात काखेत घालून उभा. "बोलते काय?" हरिदासनं विचारलं. "सकाळपर्यंत बोलत होती. आता नुसती पाहून राह्यली," लहानू म्हणाला. "डावा हात नाई उचलत." हरिदासनं ऐकलं. मागं नानाजी उभे होते, त्यांच्यामागं सुब्बाराव, त्यांच्यामागं सुरय्या. हरिदासनं आवाज चढवला. "लहानूभाऊ, तुमी बिनघोर राहा. आईचं डोकं आपण दक्षिणेले ठेवून राह्यलो. अशुभ काही होऊ देणार नाई." लहानूनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं आणि मान हलवली. दोघांनी मिळून बायनाबाईला उचललं. ती हलकी होती. हरिदासला वाटलं होतं त्याहून कितीतरी हलकी, म्हणून त्यानं जोरात उचललं आणि ती किंचित उडाली. पाय कड्यातून पलीकडं गेले. त्या तळव्यांवर शेण आणि कुंपणाच्या काट्यांचे ओरखडे होते. हरिदासनं तिकडं पाहिलं नाही.

काचेपलीकडं येऊन तो खुर्चीवर बसला. हिरव्या अक्षरांनी मशीननं नाव विचारलं. त्यानं टाइप केलं. वय, पन्नास. तिसरा प्रश्न आला. तेवढ्यात नानाजी मागून वाकले, त्यांच्या तोंडाचा सुपारीचा वास हरिदासच्या मानेवर आला, आणि ते म्हणाले, "काऊन हरिदास, पृथ्वी गोल हाये काय अजून?" सगळे हसले. हरिदासही हसला. नोकरीसाठी जितकं हसायला हवं त्याहून थोडं जास्तच हसला. हसता हसता त्याचं बोट खाली गेलं आणि पडदा पुढं सरकला. चिरांची जाडी. किती चिरा. आता कडं खरंच फिरायला लागलं, आणि काचेतून बायनाबाईच्या कपाळाचा भाग तेवढा दिसत राहिला. वीस मिनिटं. एकेक चीर पडद्यावर उतरत होती. सहाव्या चिरेत कवटीला आतून चिकटलेली पांढरी कोर दिसली, जाड, नखासारखी. रक्ताची गाठ. अशी स्वच्छ की सुब्बाराव "वाह" म्हणाले. गाठ पडद्याच्या उजव्या हाताला होती, म्हणजे बायनाबाईच्या डावीकडं. नानाजींना काही कळलं नाही, पण त्यांनीही वाह म्हटलं. फिल्म निघाली. सुरय्या जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "हरिदासभाऊ, पाय आधीचं बटण दाबलं ना?" "दाबलं," हरिदास म्हणाला. दाबलं की नाही, हे त्याला त्या क्षणी माहीत नव्हतं. पण दाबलं हे त्याच्या तोंडातून असं निघालं, जणू ते बोटाच्या आधीचंच होतं.

सर्जन साडेदहाला आले, फिल्म दिव्यावर लावली आणि शीळ घातली. मग बाहेर स्ट्रेचरवर पडलेल्या बायनाबाईचे हात उचलून पाहिले. उजवा धरून राहिला, डावा पडला. मेंदूचा डावा भाग उजवा हात चालवतो आणि उजवा भाग डावा, हे हरिदासला शाळेपासून माहीत होतं. डावा हात लुळा, तर गाठ उजवीकडं पाहिजे. तो भिंतीला टेकून उभा राहिला. आता सर्जन म्हणतील, पुन्हा काढा. म्हणोत. "कमाल आहे!" सर्जन म्हणाले. "गाठ डावीकडं आणि हातही डावाच गेला! मेंदू पलीकडच्या बाजूला दाबला गेला की असं होतं. हजारात एखादी केस. पुस्तकात वाचली होती, आज पाहिली." त्यांचा चेहरा उजळला. "ही फिल्म मला पाहिजे हं, जानेवारीत नागपूरला कॉन्फरन्स आहे. कोणी काढली?" सुब्बारावांनी हरिदासच्या पाठीवर हात ठेवला. तो हात गरम होता. सर्जन हात धुवायला गेले.

लोक पांगल्यावर हरिदास आत गेला. मशीन ज्यावर सगळं साठवतं ती सकाळची टेप लावली. बायनाबाईचं नाव आलं, पन्नास आलं, तिसरी ओळ आली. डोकं आधी. त्यानं ती वाचली आणि पुन्हा वाचली, मग खुर्ची मागं सरकवून लांबून वाचली. लांबूनही तीच होती. त्याला आश्चर्य वाटलं ते याचं, की भीती वाटली नाही. आधी डोक्यात आला तो सत्यशीलेचा रिकामा गळा. मग आलं की आता उठावं आणि चालत जावं, ऑपरेशन थिएटर व्हरांड्याच्या टोकाला आहे, पंचवीस पावलं, आणि एवढंच म्हणावं की साहेब, उलटं आहे. तीन शब्द. पण त्या तीन शब्दांमागं रांगेनं नानाजी, ठेकेदार, डब्यात अंडी घेऊन उभी सुरय्या, आणि घुग्घुसला पडलेल्या त्या टाळ्या. सांगितलं तर सुरय्या कायम. नाही सांगितलं तर काय, हे त्यानं मनात पूर्ण केलं नाही. कदाचित सर्जनला आत गेल्यावर कळेल. डावीकडं काही नाही म्हटल्यावर ते उजवीकडं पाहतील, एवढा शिकलेला माणूस. कदाचित मशीनचंच चुकलं असेल, आज सकाळी पाण्याचा डबा ठेवला होता का आपण? ठेवला होता. शून्य आलं होतं. तो उठला. व्हरांड्यात आला. खरोखरच निघाला होता तो. पुढं कितीतरी दिवस तो स्वतःला हे सांगणार होता, की मी निघालो होतो. अठराव्या पावलाला नानाजी समोरून आले, मागं शिपाई, शिपायाच्या हातात झेंडूचा हार. "कुठी चालला? इकडं ये बे!" नानाजी म्हणाले. "सर्जनसाहेब म्हणून राह्यले नागपुरातही असा फोटो निघत नाई. दुसऱ्या परीक्षेची गरजच नाई. तू फायनल." हार गळ्यात पडला. ओला होता. "नानाजी," हरिदास म्हणाला. "बोल." थिएटरच्या दारावरचा लाल दिवा लागला. "उपकार झाले," हरिदास म्हणाला. शिपायानं टाळ्या वाजवल्या, हाराचं रिकामं ताट बगलेत धरून. सुरय्यानं लांबून मान लववली, पर्स घेतली, आणि बाराच्या गाडीला गेली. तिचा पेशंट, एक गुडघेदुखीवाला म्हातारा, चुकून आला होता. तो बाकावर बसून राहिला.

सर्जननं डावीकडून कवटी उघडली. आत गाठ नव्हती. त्यांनी थोडं पुढं पाहिलं, थोडं मागं, आणि मग बाहेर येऊन सांगितलं की गाठ आपोआप विरघळली, आणि तीन तासांत विरघळलेली गाठ त्यांनी तरी आजवर पाहिली नव्हती. म्हणजे केस आणखीच दुर्मिळ. बायनाबाई दुपारी साडेतीनला गेली. हरिदास तोपर्यंत मशीनच्या खोलीत बसला होता, एसी लावून, हार घालून. हार काढायचं त्याला सुचलं नव्हतं. लहानू दाराशी आला. त्याच्या हातात फडक्यात बांधलेली चारोळी होती, घरची, फोडून स्वच्छ केलेली. "मायनं डॉक्टरले द्यायले आणली होती," तो म्हणाला. "नागपूरवाले साहेब गेले. तुमीच घ्या. तुमी लय मेहनत केली." हरिदासनं फडकं घेतलं. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून तो म्हणाला, "आपण आईचं डोकं दक्षिणेलेच ठेवलं होतं, लहानूभाऊ. त्यात कमी नाई पडू देलं." लहानूनं पुन्हा सकाळसारखंच पाहिलं. "तुमी सकाळीबी काही म्हणले होते दिशेचं," तो म्हणाला. "मले समजलं नाई. आमच्यात तसं काही पाहत नाई, साहेब. आम्ही जागा भेटन तसे झोपतो." मग त्यानं जीपवाला किती वेळ थांबेल ते विचारलं आणि गेला. चारोळी ताजी होती. हरिदासनं एक दाणा तोंडात टाकला, कडू निघेल असं वाटून. गोड निघाला. घरी जाईपर्यंत त्यानं अर्ध्या संपवल्या, आणि उरलेल्या सत्यशीलेच्या ओच्यात टाकून सांगितलं, "कायम झालो." तिनं एक खाल्ली. "कोणं देल्या?" "पेशंटनं." "बरा झाला काय?" ती म्हणाली. हरिदास पाय धुवायला मोरीत गेला आणि पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

डिसेंबरात मशीनचं रीतसर उद्घाटन झालं. सर्जनना कॉन्फरन्ससाठी फिल्मची कॉपी दिली होती. मूळ फिल्म नानाजींच्या सांगण्यावरून गफ्फार फ्रेमवाल्याकडं नेऊन, मागं ट्यूबलाइट बसवून, दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर लावली. खाली पितळी पट्टी: तंत्रज्ञ, श्री. हरिदास सोमाजी वाळके. ठेकेदारानं फीत कापली, नानाजींनी बटण दाबलं, भिंतीवर बायनाबाईचं डोकं उजळलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हरिदास पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या कोटात. गफ्फारनं फिल्म उलटी बसवली होती. नाव उलटं दिसत होतं, तारीख उलटी दिसत होती. गाठ पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला, म्हणजे बायनाबाईच्या उजवीकडं, आली होती.